नदीच्या तोंडावरची वाफ

माझ्या दिराला, एफ्राइमला, देवानं तोंड दिलंय ते फक्त जेवायला. एरवी तो ते शिवून ठेवतो. माझ्या घरात गप्प बसला तर मी काही म्हणत नाही. तिथं बोलायला मी एकटी पुरेशी आहे. पण चर्चच्या खोलीत सगळा गाव जमलाय, भिंतीवर आमच्या नदीचा नि खाडीचा दारापेक्षा मोठा नकाशा टांगलाय, विद्यापीठातनं आलेली बाई परत परत विचारतेय, "सांगा ना, कुठं मोजू?" आणि ज्याला ह्या बर्फातली बोटभर भेगही ठाऊक, तो आपल्या बुटांकडं बघत बसलाय. ह्याला माणूस म्हणायचं की ओंडका?

बाईचं नाव मॉयरा. थंडीनं तिचं नाक सारखं गळत असतं आणि ती ते खुशाल बाहीला पुसते. पण मूर्ख नाही. शहरातनं कुणी आलं की त्याला मूर्ख म्हणून हसायची आमच्या गावात रीत आहे. हिच्या बाबतीत ते जमलं नाही. ती बसते, ऐकते, नि न कळलेलं पुन्हा विचारते.

नदीवर, वरच्या अंगाला, धरण होऊन बरीच वर्षं झाली. त्याच्याखाली आमचं काय होतंय ते आता दर हिवाळ्या-उन्हाळ्याला मोजत राहायचं असं ठरलंय. बर्फ किती जाड, पाणी किती गरम, खाडीचं मीठ कुठवर चढलं, मासळीच्या अंगात पाऱ्याचं विष किती उतरलं. पण मोजायचं कुठं, ते ह्याच हिवाळ्यात ठरायचं होतं.

"एकदा जागा ठरल्या की ठरल्या," मॉयरा म्हणाली. "आज जिथं मोजलं नाही, तिथं उद्या काही बिघडलं तर बिघडलं असं म्हणता येणार नाही. आणि माझ्याकडं यंत्रं थोडी आहेत. म्हणून नियम एवढाच, की जिथनं माणसं जातात-येतात तिथं मोजायचं."

नकाशावर तिनं निळी रेघ ओढली होती. ती एफ्राइमची वाट. खाडी गोठली की आमच्या धक्क्यापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत तो स्प्रूसची छोटी रोपटी बर्फात रोवत जातो, म्हणजे धुक्यात, हिमाच्या भुरक्यात माणूस चुकत नाही. पलीकडं आमचं जळणाचं जंगल आहे, सशांचे फास आहेत. त्याच्या आधी हे काम माझा नवरा करायचा, त्याच्या आधी सासरे. निळी रेघ धक्क्यावरनं निघून वाळूच्या दांड्याला मोठा वळसा घालून जात होती. वळशाच्या आत, जिथं नदी खाडीत पडते, तिथं कागद कोरा होता.

मी उठले. "नदीच्या तोंडावर एक यंत्र ठेव."

"तिथनं कुणी जातं का, आजी?"

धरणाच्या ऑफिसचा माणूस कडेला बसला होता, चकचकीत जाकिटात. तोच बोलला. "तिथं कुणाचं येणंजाणं नाही. जी एक दुर्घटना झाली ती खुणांची वाट सोडल्यामुळं झाली. तसा पोलिसांचा अहवाल आहे."

ती एक दुर्घटना म्हणजे माझा मुलगा लेवाय.

सगळ्या माना एफ्राइमकडं वळल्या. वाट त्याची, शब्द त्याचा. त्यानं बुटांना सांगितलं, "तिथनं कुणी जात नाही."

मॉयरानं पेन्सिल खाली ठेवली. पुढल्या आठवड्यात शेवटची सभा, म्हणाली, तोवर बर्फावर जाऊन चाचणीची भोकं पाडू.

*

लेवाय गेला त्याला तीन हिवाळे झाले. त्या दिवसांत अशी थंडी पडली होती की भिंतीतले खिळे बंदुकीसारखे वाजत होते. घरात जळण संपत आलं होतं. सकाळी तो बर्फगाडीला मागं कोमाटिक, म्हणजे ओझ्याची लाकडी घसरगाडी, जोडून निघाला, आणि त्याच्या बायकोचं, तमारचं, नि त्याचं दारातच वाजलं. तिला शहरात जाऊन राहायचं होतं, त्याला नाही, रोजचंच. ती म्हणाली, "दुपारच्या आत लाकूड आलं नाही तर मी माझ्या आईकडं जाते, मग बस तुझ्या आईला शेकत." तो हसला. मी पावाचं पीठ मळत होते, मीही हसले.

दुपारी एफ्राइम धापा टाकत आला. वाटेची पलीकडची रोपटी लावायची राहिली होती म्हणून तो मागनं गेला होता. भोक त्यानंच पहिल्यांदा पाहिलं.

गावातले पुरुष दोर नि शिड्या घेऊन गेले. हिमाचा भुरका उडत होता, गाडीची चाकोरी बुजली होती. रोपटी लांबून वळसा घालून गेलेली, आणि भोक वळशाच्या आत, नदीच्या तोंडावर. तेलाचा डबा तेवढा सापडला, कडेला गोठून बसलेला. पोलीस विमानानं आले तेव्हा भोकावर साय धरली होती. त्यांनी मला विचारलं, दारू घेत होता का. माझा लेवाय चहाच एवढा प्यायचा की त्याला दुसऱ्या कशाला पोटात जागा नव्हती. त्यांनी लिहिलं, खुणांची वाट सोडून गेला.

वसंतात बर्फ फुटला, वाहून गेला. लेवाय वर आला नाही. पाळकांनी म्हटलं, दफनभूमीत नावाचा दगड तरी ठेवू. मी म्हटलं, रिकाम्या मातीवर दगड ठेवून कुणाला दाबायचंय?

तेव्हापासून गावात त्याचं नाव निघालं की लोक चुकचुकतात आणि पोरांना सांगतात, वाट सोडायची नाही, नाहीतर लेवायसारखं होईल. दुकानात, चर्चच्या पायरीवर, माझ्यासमोर. बाळपणापासून बापाच्या पाठीमागं रोपटी वाहून नेणारा माझा मुलगा आता पोरांना धाक घालायच्या कामाचा झाला.

तमार आईकडं गेली नाही. माझ्याजवळच राहिली. दुपारच्या आत यायचं म्हणून त्यानं आडवाट धरली, असं तिनं मनाशी पक्कं केलंय. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. पण दुपार झाली की ती हातातलं काम टाकून उभी राहते. काही वेळानं पुन्हा करू लागते.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं नदीचं तोंड दिसतं. पूर्वी कडक थंडीत तिथं नुसतं पांढरं असायचं. आता थंडी जितकी कडक, तितकी तिथनं वाफ वर येते. सरळ, बारीक, चहाच्या कपातनं निघावी तशी. रोज सकाळी मी चूल पेटवते आणि त्या वाफेला विचारते, "का रे सोडलीस वाट?" तो तिथं श्वास घेतो असं मी म्हणत नाही. म्हणत नाही, एवढंच.

एफ्राइमची बायको वारल्यापासून तो माझ्याकडं जेवतो. तो खुर्ची फिरवून खिडकीकडं पाठ करून बसतो. मला वाटायचं, पुतण्याचं दुःख. मी त्याला मोठा तुकडा वाढायची.

*

चाचणीचे दिवस सुरू झाले. मॉयरानं तमारला कामावर घेतलं, गाडी चालवायला नि गिरमिट धरायला. घरात डबे आले, बाटल्या आल्या, मासळीचे तुकडे भरायच्या पिशव्या आल्या. एका सकाळी मॉयरानं माझ्या मानेवरच्या केसांची बट मागितली. अंगात पारा किती ते केसांत कळतं म्हणे. मी खुर्चीत बसले, मान वाकवली, आणि तिनं कातरीनं मुळापासून कापली. बकरीसारखी बसले होते. नंतर दोन दिवस तिथं गार लागत होतं.

"मी पुढच्या महिन्यात मरणार नाही ना ते बघ," मी म्हटलं.

"तुम्ही पाऱ्यालाच माराल, आजी," मॉयरा म्हणाली. तमार हसली. पुष्कळ दिवसांनी.

एफ्राइमला केस मागितले तर तो म्हणाला, मला टक्कल आहे. टोपीखाली त्याला घोड्यासारखे केस आहेत.

मग मी ठरवलं, आपण स्वतः बर्फावर जायचं. तीन हिवाळे मी धक्क्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. तमार म्हणाली, "आई, गुडघे तुमचे." मी म्हटलं, "गुडघे माझे, तू गाडी चालव." कोमाटिकवर सीलचं जुनं कातडं टाकून बसले. एफ्राइम पुढं चालत होता, दर थोड्या पावलांवर लोखंडी पहार मारत. पहार उसळली की बर्फ चांगला. रुतली की थांबायचं. त्याच्या बापाची पहार ती.

आभाळ साफ होतं. पापण्या चिकटत होत्या. रोपटी एकामागं एक उभी, त्यांच्या सावल्या निळ्या. डाव्या हाताला वाफ. तमार त्या बाजूला बघत नव्हती; मान अशी धरली होती की जणू त्या अंगाला तिला काही दुखतंय.

पहिल्या जागी गिरमिट चाललं. बर्फाचा चुरा उडाला, मग पाणी फसफसून वर आलं. मॉयरानं आकड्याची काठी खाली सोडून मोजलं. "छान जाड," म्हणाली. पुढंही छान. त्याच्याही पुढं छान. धरणाच्या ऑफिसला आवडेल असा बर्फ. मी कोमाटिकवरनं ओरडले, "तिकडं चला, तोंडाकडं, तिथं पाडा भोक."

"आजी, तिथं माणसं न्यायची मला परवानगी नाही. आणि तिथनं वाट नाही."

"वाट नाही," एफ्राइम म्हणाला. विचारलं नव्हतं कुणी.

तेवढ्यात पायाखाली ठक् झालं. बर्फ बसताना लांबवर गडगडतो, ते मला लहानपणापासून माहीत आहे. हे तसं नव्हतं. दारावर बोटानं वाजवावं तसं, एकदाच. मॉयरानं खाली पाहिलं.

"बर्फ बसतोय," एफ्राइम म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

पुढच्या जागी एक रोपटं नेमकं आड येत होतं. मॉयरा म्हणाली, हे जरा पलीकडं लावता का? एफ्राइमनं कुऱ्हाड घेतली. रोपटं लावताना काय करतात, तर बर्फात खोबण पाडायची, बुंधा उभा करायचा, वर पाणी नि हिम ओतायचं. बघता बघता ते दगडासारखं धरतं, आणि वरनं बर्फ सपाट दिसतो. तेच रोपटं काढायचं तर भोवतीचा बर्फ फोडावा लागतो. एफ्राइमनं फोडला. रोपटं निघालं ते बुंध्याभोवती बर्फाचा मोठा गोळा घेऊन. त्यानं चार पावलांवर नवी खोबण पाडली आणि ते गोळ्यासकट उभं केलं. गोळा अर्धा वर राहिला. रोपट्यानं बूट घातल्यासारखा.

मी बघत राहिले.

लेवाय गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेड्यासारखी बर्फावर चालत गेले होते. वळशावरनं, रोपट्या-रोपट्याला धरत. तेव्हा प्रत्येक रोपट्याच्या पायात असाच बूट होता. एकदोन नव्हे, सगळ्यांच्या. माझ्या झग्याचा काठ एकाला अडकून फाटला म्हणून मी खाली पाहिलं होतं. मनात आलं होतं, एफ्राइमनं यंदा घाईत लावलेली दिसतात. मग पुढं चालले होते.

ती मुळात तिथं लावलेली नव्हती. ती दुसरीकडनं फोडून आणलेली होती.

"आई, थंडी वाजतेय का?" तमारनं विचारलं.

"घरी चल," मी म्हटलं.

*

तमार बाटल्या पोचवायला मॉयराच्या खोलीवर गेली. एफ्राइम जेवायला आला, खुर्ची फिरवली, बसला. सामन माशाचं सार होतं, काकवी घातलेला पाव होता. तो वाटीवर वाकला.

"वहिनी, मीठ."

मीठ माझ्या हातापाशी होतं. मी सरकवलं नाही.

"एफ्राइम, त्या वर्षी वळशावरच्या सगळ्या रोपट्यांच्या पायात गोळे होते."

त्यानं चमचा ठेवला. ठेवताना वाजला नाही, इतका हळू.

"आधी ती कुठं लावली होतीस?"

चुलीत लाकूड फुटलं. मी वाट पाहिली. मला वाट बघता येते, हे लोकांना ठाऊक नाही.

"सरळ," तो म्हणाला. "धक्क्यावरनं सरळ, तोंडावरनं. खिळे वाजत होते, वहिनी. बाबांनी काय शिकवलं आपल्याला? खिळे वाजायला लागले की तोंडावरचा बर्फ लाकडानं भरलेली कोमाटिकही तोलतो. मी पहार मारली, पहार उसळली. एवढ्या थंडीत दांड्याला वळसा कशाला घालायचा? लावली सरळ, आदल्या संध्याकाळी, अंधार पडता पडता."

"आणि सकाळी?"

"सकाळी उरलेली घेऊन निघालो. वाट होती. दोन्ही बाजूंना माझी रोपटी उभी होती, एकसुद्धा हललं नव्हतं. आणि मधोमध पाणी."

"आधी हाक मारलीस, की आधी रोपटी उपटलीस?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"हाक मारली. पालथा पडून हात घातला, खांद्यापर्यंत. खाली ओढ होती, वहिनी, उन्हाळ्यासारखी. पाणी... पाणी गार नव्हतं तेवढं. बाही गोठली तोवर हाका मारल्या."

"मग?"

"मग उपटली."

मी चुलीत लाकूड सारलं.

"आपल्या घरच्या वाटेवर कधी कुणी दगावलं नव्हतं. लोक म्हणाले असते, एफ्राइमची वाट माणसं खाते. मग जो तो आपापली वाट काढणार, आणखी चौघं बुडणार."

"म्हणजे लोकांसाठी केलंस?"

तो वाटीतच बघत "नाही," म्हणाला. एवढं तरी म्हणाला.

"परवा सभा आहे."

"तमारसमोर, वहिनी?"

"सार संपव. ह्या घरात अन्न टाकत नाहीत."

त्यानं चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत वाटीत ठेवला. उठला, हातमोजे विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली आणि सवयीनं खिडकीशी गेले. थंडी कडक होती, वाफ उभी होती. विचारायला तोंड उघडलं, आणि विचारायला काही नव्हतं. तीन हिवाळे मी लेवायला रागावत होते आणि त्यानं काही केलंच नव्हतं. वाफ हलली नाही. उत्तर मिळालं तरी ती जायची नाही, हे मला त्या सकाळी कळलं. मी पडदा ओढला. मग तो मला सहन होईना, म्हणून पुन्हा सारला.

*

सभेला सगळे आले. तमार मागच्या टेबलाशी मोठ्या किटलीतनं चहा ओतत होती. नकाशावर मॉयरानं निळ्या रेघेवर ठिपके दिले होते, पलीकडं मासेमारीच्या जागांवर दिले होते. मग ती नाक पुसून म्हणाली, "एक गोष्ट सांगायचीय. पक्की नाही, मोजल्याशिवाय म्हणता येणार नाही. थंडीची लाट आली की शहरात सगळीकडं हीटर लागतात, वीज जास्त लागते. मग धरणातनं पाणी जास्त सुटतं. ते तळातलं पाणी, बर्फापेक्षा गरम. म्हणजे कदाचित असं असेल, की सगळीकडं बर्फ जाड होतो त्याच दिवसांत नदीच्या तोंडावर तो खालनं खाल्ला जातो."

म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. खिळे वाजले की तोंडावरनं जावं, हे सगळ्यांच्याच बापांनी शिकवलं होतं.

"कदाचित," धरणाचा माणूस म्हणाला.

"हो, कदाचित," मॉयरा म्हणाली. "म्हणून तिथं मोजायला हवं. पण मला कारण लागतं. धरण झाल्यावर तिथनं कधी वाट गेली होती असं कुणी सांगितलं, तर मी ठेवू शकते. नाहीतर ती जागा कोरीच राहील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ओठ मिटले. सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं, कारण मी गप्प बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी एफ्राइमच्या शेजारी बसले होते, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून हलत होता, शिवणयंत्राच्या पायट्यासारखा.

मग तो थांबला. एफ्राइम उठला. नकाशाशी गेला, धक्क्यावर बोट ठेवलं. बोट काळं, नख फुटलेलं. ते बोट त्यानं कागदावरनं सरळ ओढलं. निळ्या वळशाला सोडून, कोऱ्यातनं, नदीच्या तोंडावरनं, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.

"लेवाय गेला त्या वर्षी वाट अशी होती," तो नकाशालाच म्हणाला. "मी लावली होती. लेवाय वाटेवर होता. मागनं मी उपटली आणि वळशानं लावली. मग गावाला हाक दिली."

मागं चहा टेबलावरनं जमिनीवर सांडत होता. कप कधीच भरला होता. कुणीतरी तमारच्या हातातनं किटली घेतली.

"वाटेवर होता?" तमारनं विचारलं.

"होय."

"आडवाट नव्हती?"

"नाही गं. माझ्या रोपट्यांमधनं चालला होता. गाडीची चाकोरी मी पाहिली ना, बुजायच्या आधी. सरळ होती. घाईत सुद्धा नव्हता."

तमार तिथंच बाकावर बसली. रडली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिली, त्यांच्यातनं कुणी काही काढून घेतल्यासारखी.

धरणाचा माणूस खाकरला. "हे आता सांगून अहवाल बदलत नाही."

"अहवालाचं मला ठाऊक नाही," मॉयरा म्हणाली. "माझा नियम वाट कुठनं गेली एवढंच विचारतो." आणि तिनं कोऱ्या जागी तांबडा ठिपका दिला. यंदा बर्फावर यंत्र नेता येणार नाही, म्हणाली. पुढल्या शरदात, पाणी गोठायच्या आधी, तळाशी बसवावं लागेल. म्हणजे आणखी एक हिवाळा न मोजता जाणार.

एफ्राइम वळून माझ्यापाशी आला. वाकलेला, म्हातारा, टोपी हातात चुरगळत. माझ्या नवऱ्यासारखं नाक. त्यानं हळूच विचारलं, "झालं ना, वहिनी?"

मी उभी राहिले. हळू बोलायची मला सवय नाही.

"झालं नाही. ऐक. बर्फ कशानं फसला ते ही पोरगी शोधेल. ते मी तुला विचारत नाही. तुझ्या जागी तुझा भाऊ असता तर त्यानंही रोपटी तिथंच लावली असती. पण नदीनं माझ्या मुलाचा जीव नेला, आणि तू त्याचं शहाणपण नेलंस. तीन हिवाळे त्याच्या बायकोच्या हातचं खाल्लंस, ती रोज दुपारी उभी राहायची ते बघितलंस, आणि मीठ मागितलंस. जेवायला येत जा, मी कुणाला उपाशी ठेवत नाही. पण ह्यापुढं दर हिवाळ्याला, पहिलं रोपटं रोवायच्या आधी, धक्क्यावर उभा राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचंस, लेवाय वाटेवर होता. आणि ज्या वर्षी ते म्हणताना तुझी जीभ अडेल, त्या वर्षी कुऱ्हाड तमारच्या हातात दे आणि घरी बस."